आधी पाया दाखवा, मग पानं: दहा फुटी कृत्रिम झाडांचं परीक्षण

हॉटेलचं दालन, लग्नाचा हॉल, दवाखान्यातली बसायची जागा किंवा घरातला दुमजली उंचीचा दिवाणखाना. अशा ठिकाणी मोठं कृत्रिम झाड लावायचं ठरलं की बाजारात तीन प्रकार समोर येतात. पहिलं कुंडीसकट मिळणारं तयार झाड. दुसरं खऱ्या वाळलेल्या खोडात पानं खोवलेलं. तिसरं लोखंडी सांगाड्यावर फायबरचं खोड चढवून मापाप्रमाणे बनवून दिलेलं. तिन्ही प्रकार इथे एकाच कसोटीला लावले आहेत: माणसांच्या वावरात हे झाड पाच वर्षं उभं राहील का? दिसणं महत्त्वाचं आहेच, पण पडलेलं झाड कितीही देखणं असलं तरी उपयोगाचं नाही, आणि खाली बसलेल्या माणसाच्या डोक्यावर पडलं तर फारच वाईट.

कसोटीचा हिशेब सोपा आहे. धक्क्याचा जोर गुणिले तो जिथे बसतो ती उंची हे एका पारड्यात टाका. झाडाचं एकूण वजन गुणिले पायाची अर्धी रुंदी हे दुसऱ्या पारड्यात. दुसरं पारडं जड आहे तोवर झाड आडवं होत नाही. वर्दळीच्या जागी फोटोसाठी टेकणारा माणूस, फांदीला लोंबकळू पाहणारं पोर, सामानाची ढकलगाडी हे सगळं धरून दहा फुटी झाडाला दीड मीटर उंचीवर २० किलोचा धक्का सोसला पाहिजे. म्हणजे २० गुणिले १.५, एकूण ३०. पाया ६० सेंमी रुंद असेल तर अर्धी रुंदी ०.३ मीटर, म्हणून १०० किलो वजन हवं. पाया ९० सेंमी केला तर ६७ किलोत तेच काम होतं. रुंदी वाढवणं वजन वाढवण्यापेक्षा नेहमी स्वस्त पडतं.

पाय असलेल्या स्टँडला हाच हिशेब वेगळा लागतो, आणि तिथे बरेच जण फसतात. झाड पायाच्या टोकावर उलटत नाही, दोन पायांच्या टोकांना जोडणाऱ्या रेषेवर उलटतं. ४५ सेंमी लांबीचे तीन पाय असतील तर मधल्या दांड्यापासून ती रेषा फक्त २२.५ सेंमीवर येते. चार पायांना ३२, पाच पायांना ३६. नाताळच्या झाडाला तीन पायांचा स्टँड येतो तो सहा फुटांपर्यंत चालतो. त्यावर दागिने आणि माळा चढवायच्या असतील तर चार किंवा पाच पायांचाच मागा.

कुंडीतलं तयार झाड

सहा-सात फुटांचं, फायकसच्या किंवा मेपलच्या पानांचं. दुकानात उभं केलेलं असतं तेव्हा भरगच्च दिसतं. कुंडीवरचे पांढरे गोटे बाजूला सारून आत बोट घाला. खाली थर्माकोलचा तुकडा लागतो आणि त्याखाली खोडाभोवती ओतलेला सिमेंटचा लहानसा गोळा. कुंडीचा तळ २५ सेंमी, झाडाचं एकूण वजन १२ किलोच्या आसपास. गणित करा: १२ गुणिले ०.१२५, म्हणजे दीड. एक मीटर उंचीवर दीड किलोचा धक्का बसला की झाड गेलं. ओढणी अडकली तरी पुरे.

हे झाड टाकाऊ मात्र नाही. त्याचा पाया बदलला की घरासाठी उत्तम. तळाशी निमुळती नसलेली, सरळ भिंतींची ४५ सेंमी रुंद, ३० सेंमी उंच कुंडी घ्या. मूळ प्लॅस्टिकची कुंडी काढून टाका, सिमेंटचा गोळा तसाच राहू द्या. गोळ्याच्या बाजूने १० मिमी सळईचे दोन तुकडे आडवे बांधा आणि १ भाग सिमेंट, २ भाग वाळू, ४ भाग खडी असं काँक्रीट १५ सेंमी उंचीपर्यंत भरा. कुंडीच्या आतून आधी थर्माकोलची पातळ पट्टी लावली तर पुढे कधी झाड काढायची वेळ आली तेव्हा कुंडी फोडावी लागत नाही. काँक्रीट भरल्यावर खोड ओळंब्याने सरळ करा, दोरीने तीन बाजूंनी ताणून ठेवा आणि तीन दिवस हात लावू नका. उरलेल्या १५ सेंमीत खडी. सगळं मिळून १०० किलोच्या वर जातं, आणि घरातल्या सात फुटी झाडाला, म्हणजे १५ किलोचा धक्का सव्वा मीटरच्या आसपास धरला तरी, ते पुरतं. नुसती खडी भरून भागत नाही. वजन येतं, पण खोडाला पकड मिळत नाही; महिन्याभरात झाड कलतं आणि दर वेळी सरळ केलं की भोक मोठं होत जातं.

निकाल: घराच्या कोपऱ्यासाठी घ्यावं, पाया बदलूनच. हॉलसाठी घेऊ नये.

खऱ्या खोडाचं झाड

जवळून पाहण्यात याला तोड नाही. सालीच्या भेगा, गाठी, फांद्यांची वळणं, सगळं अस्सल. दोष दोनच आहेत, पण दोन्ही मोठे. लाकूड पुरतं वाळलेलं नसलं तर ते जागेवर आल्यावर वाळत राहतं, विशेषतः एसीच्या कोरड्या हवेत. वाळताना ते आकसतं, भेगाळतं, साल सुटते आणि पानांच्या काड्या खोवलेली भोकं सैल पडतात. दुसरा दोष किडीचा. खोडाच्या बुडाशी पिठासारखा बारीक भुसा दिसू लागला की आत भुंगेरे काम करत आहेत असं समजा. ते मग शेजारच्या लाकडी पॅनेललाही लागू शकतात.

घ्यायचंच असेल तर साल आधीच काढलेली आहे का, आणि बोरॅक्स-बोरिक अ‍ॅसिडच्या द्रावणात लाकूड मुरवलं आहे का, हे विचारा. वरवर फवारलेलं औषध आतल्या अळीपर्यंत पोचत नाही. खोडाच्या बुडात १६ मिमीची आटे पाडलेली सळई किमान २० सेंमी आत इपॉक्सीने बसवून ती प्लेटला नटने कसलेली हवी. बुडाला चार स्क्रू मारून प्लेटवर उभं केलेलं खोड पहिल्या आकसण्यातच डुलू लागतं, कारण ते स्क्रू लाकडाच्या उभ्या रेषांच्या दिशेने जातात आणि त्या दिशेला लाकूड स्क्रूला नीट धरत नाही.

निकाल: दागिन्यांचं दुकान, लहान कॅफे अशा सांभाळून वापरल्या जाणाऱ्या जागेत छान. आठ फुटांच्या वर नको.

लोखंडी सांगाडा, फायबरचं खोड

मोठ्या जागेसाठी खरा पर्याय हाच. याची किंमत इतरांपेक्षा बरीच जास्त असते आणि नीट बनवलेलं असेल तर ती योग्य आहे. पण सगळा माल खोडाच्या आत झाकलेला असतो. म्हणून कारखान्यात खोड चढवण्याआधी सांगाडा बघायला जा, किंवा त्याचे फोटो मागा. हे जो दाखवत नाही त्याच्याकडून झाड घेऊ नका.

दहा फुटी झाडाला मधला दांडा दोन इंची मध्यम जाडीच्या पाइपचा असावा: बाहेरून ६०.३ मिमी, जाडी ३.६ मिमी, मीटरला पाच किलो. पैसे वाचवायला दीड इंची पाइप घातला तर झाड मोडत नाही, पण त्याच धक्क्याला दुपटीहून जास्त झुलतं, आणि झुलणाऱ्या झाडाचं फायबर तडकतं. पाइप स्वतः क्वचितच दगा देतो. दगा देतो तो पाइप आणि तळप्लेट यांचा जोड. नीट केलेल्या जोडावर वेल्डिंगची सलग रेघ पाइपभोवती पूर्ण फिरलेली दिसते, मण्यांच्या माळेसारखी एकावर एक चढलेली. घाईत केलेल्या जोडावर चार ठिकाणी फक्त टाके असतात आणि मधून उजेड दिसतो. त्यावर रेड ऑक्साइडचा जाड हात मारला की दोन्ही सारखेच दिसतात, म्हणून रंगाआधी बघायचं. शिवाय पाइपच्या चार बाजूंना ६ मिमी प्लेटच्या १० सेंमी उंच त्रिकोणी पाट्या, कारागीर ज्यांना गसेट म्हणतात, त्या हव्यातच. त्या नसतील तर प्लेट मधोमध वाकते आणि झाड जहाजाच्या डोलकाठीसारखं हलत राहतं.

तळप्लेट ९० सेंमी चौरस आणि १२ मिमी जाड घेतली तर तिचंच वजन ७६ किलो भरतं. झाडाचे ६० किलो त्यात धरले की १३६ गुणिले ०.४५, म्हणजे ६१. आपल्याला हवे होते ३०. दुपटीची राखीव ताकद मिळते आणि फरशीला भोक पाडावं लागत नाही. ८ मिमीची प्लेट ५१ किलोची. तीही हिशेबात बसते, पण वेल्डिंगच्या उष्णतेने लवकर वाकते आणि मग फरशीवर टेकत नाही, डुगडुगते.

एवढी रुंद प्लेट पायात येते, तिचं काय करायचं? उत्तर आपल्या गावातच आहे: पार बांधा. झाडाभोवती ४५ सेंमी उंच, दीड मीटर रुंद पार केला की प्लेट झाकली जाते, लोकांना बसायला जागा होते आणि पाया रुंद होतो. मात्र इथे एक चूक सतत होते. पारात वाळूच्या गोण्या भरतात, पण त्या फरशीवर ठेवतात, झाडाशी त्यांचा काही संबंधच नसतो. जे वजन दांड्याला जोडलेलं नाही ते झाडाला धरून ठेवत नाही. ५० बाय ५० बाय ६ मिमी अँगलची दीड मीटरची फुली करून ती तळप्लेटला बोल्ट करा, त्यावर प्लायवूड टाका आणि गोण्या त्या प्लायवर रचा. सिमेंटच्या रिकाम्या गोणीत कोरडी वाळू भरली की साधारण ५० किलो होते. सहा गोण्यांत ३०० किलो. आता या झाडाला हॉलमध्ये कोणीही कसंही टेकू दे.

वडाचं झाड करून घेत असाल तर त्याहून सुंदर उपाय आहे. खरा वड स्वतःच्या पारंब्या जमिनीत रोवून आडव्या फांद्या तोलतो. तेच करा. तीन-चार पारंब्यांच्या आत पाऊण इंची पाइप घाला आणि दांड्यापासून सव्वा मीटरवर त्या जमिनीला टेकवून लहान प्लेटने बसवा. त्या आधाराच्या खांबांचं काम करतात. बाकीच्या पारंब्या काथ्याच्या. पाहणाऱ्याला फरक कळत नाही.

फांद्यांचा मुद्दा दिसण्याचाही आहे आणि ताकदीचाही. लिओनार्दो दा विंचीने नोंदवून ठेवलेलं निरीक्षण आजही झाड घडवताना उपयोगी पडतं: एका उंचीवरच्या सगळ्या फांद्या एकत्र बांधल्या तर त्यांची जाडी खोडाएवढी भरते. २० सेंमी व्यासाच्या खोडाला १० सेंमीच्या चार फांद्या, कारण २० चा वर्ग ४०० आणि १० च्या वर्गाची चौपटही ४००. जाड बुंध्यातून एकदम बारीक काड्या फुटलेल्या असतील तर झाड खराट्यासारखं दिसतं, मग पानं कितीही महाग लावा. फांदीच्या आतला पाइप मधल्या दांड्याला वेल्ड केलेला किंवा त्याच्या बाहीत, म्हणजे जोडासाठी बसवलेल्या पोकळ नळीत, बसवलेला असायला हवा. फांदी नुसती फायबरमध्ये खोचून चिकटवली असेल तर बेचक्यात केसासारखी भेग पहिल्या काही महिन्यांत दिसते, आणि ती रंगाने बुजवली तरी पुन्हा येते. तपासायची पद्धत अशी: एक मीटर लांबीच्या फांदीच्या टोकाला ५ किलोची पिशवी अडकवा. आत पाऊण इंची पाइप असेल तर टोक सुमारे ५-६ मिमी खाली येतं आणि पिशवी काढताच परत जातं. दोन-तीन सेंमी खाली आलं किंवा खालीच राहिलं, तर जोड सैल आहे.

सुट्या फांद्या हव्यातच, नाहीतर झाड दारातून आत येत नाही. साधं दार सात फुटांचं, लिफ्ट त्याहून अडचणीची. दांडाही मधून दोन तुकड्यांत करावा लागतो. बाही किमान २० सेंमी लांब हवी आणि तिला एकमेकांना काटकोनात असे दोन १० मिमीचे आरपार बोल्ट. एकच बोल्ट असेल तर तो बिजागरी होतो. फांदीसाठी अर्धा इंची पाइप पाऊण इंचीच्या बाहीत जेमतेम बसतो, पण बाहीच्या आतली वेल्डची शिवण आडवी येते. तिला आधीच कानस मारून घेतली नाही तर जागेवर हातोडीने ठोकून बसवतात आणि वरचं फायबर फुटतं. प्रत्येक फांदीवर आणि तिच्या बाहीवर पंचने एकच आकडा ठोकून घ्या. रंगाने लिहिलेले आकडे दुसऱ्या वाहतुकीत पुसले जातात.

आता खोडाचं कवच. चौरस मीटरला ४५० ग्रॅमच्या ग्लास मॅटचे (काचेच्या धाग्यांच्या चटईचे) तीन थर म्हणजे साधारण ३ मिमी. दीड चौरस मीटरच्या खोडाला दोन किलो मॅट आणि पाच किलो रेझिन लागतं. दोनच थर दिले तर अंगठ्याने दाबल्यावर कवच आत जातं. टिचकी मारून बघा: टणक आवाज हवा, डबडब नको. हार्डनर (रेझिन घट्ट करणारं द्रव्य) रेझिनच्या किलोला १० ते २० मिली. काम लवकर उरकायला जास्त घातला तर कवच तापून ठिसूळ होतं आणि पुढे तडकतं. पावसाळ्याच्या दमट हवेत कमी घातला तर पृष्ठभाग चिकट राहतो आणि रंग धरत नाही. स्वतः प्रयोग करणाऱ्यांसाठी एक सूचना जिवाशी संबंधित आहे: कोबाल्ट (हार्डनरचं काम वेगवान करणारं द्रव्य) आणि हार्डनर कधीही थेट एकमेकांत मिसळू नका, भडका उडतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळून घ्यायचा, मग वेगळ्या काठीने हार्डनर. झाड तयार झाल्यावर किमान आठवडाभर मोकळ्या हवेत राहू द्यायला सांगा. नाहीतर बंद एसी हॉलमध्ये रेझिनचा वास जेवणाच्या वासावर चढतो.

निकाल: वर्दळीच्या जागेसाठी निःशंक हेच. सांगाडा पाहूनच.

उघड्या लॉनवर

घरातलं झाड बाहेर नेऊन ठेवणं ही सर्वांत धोक्याची गोष्ट आहे. एप्रिल-मे महिन्यात वळवाच्या आधी जो वारा सुटतो तो पंचाईत करतो. वाऱ्याचा दाब चौरस मीटरला ०.६ गुणिले सेकंदाला मीटरमध्ये मोजलेल्या वेगाचा वर्ग इतके न्यूटन. ताशी ६० किलोमीटरला तो सुमारे १७ किलो होतो. २.४ मीटर व्यासाचा पर्णसंभार म्हणजे साडेचार चौरस मीटर. निम्मा वारा पानांतून निघून जातो असं धरलं तरी ३८ किलोचा जोर २.२ मीटर उंचीवर बसतो, म्हणजे ८४. आपली १३६ किलोंची व्यवस्था ६१ ला संपली होती. झाड जाणारच.

कायमचं उभं करायचं तर भारतीय मानक ८७५, भाग ३ मधला वाऱ्याचा मूळ वेग धरावा: पुण्याला सेकंदाला ३९ मीटर, मुंबईला ४४. पुण्याच्या आकड्यानेच त्या झाडाच्या बुडाशी ४६० पर्यंत आघूर्ण (जोर गुणिले उंची) येतं. दोन इंची पाइप तिथे वाकतो. चार इंची, साडेचार मिमी जाडीचा पाइप आणि जमिनीत एक मीटर लांब, एक मीटर रुंद, ६० सेंमी खोल काँक्रीट लागतं, फाउंडेशन बोल्ट ओतताना आतच बसवून. मुंबईत किंवा गोव्याच्या किनाऱ्यावर सांगाडा वेल्डिंगनंतर गॅल्व्हनाइज केलेला घ्या. आधी गॅल्व्हनाइज केलेला पाइप वेल्ड केला की जोडावरचा जस्ताचा थर जळून जातो आणि खारी हवा नेमका तोच जोड खाते. पाइपचं वरचं तोंड बंद आणि बुडाशी ८ मिमीचं भोक, म्हणजे आत शिरलेलं पाणी साचत नाही.

पानं, दिवे, आग

बाहेरच्या झाडाला प्लॅस्टिकचीच पानं, आणि उन्हापासून वाचवणारं द्रव्य मूळ प्लॅस्टिकमध्ये मिसळलेलं हवं. वरून फवारलेला थर एखाद्या उन्हाळ्यात उडतो आणि हिरवा रंग निळसर पडत जातो. कापडी पानं आतच शोभतात. पानाची डहाळी हलकेच ओढून बघा. देठातली तार गंजलेली असेल तर फायबरवर तपकिरी ओघळ येणार. डहाळ्या ग्लू गनने चिकटवलेल्या असतील तर उन्हात किंवा दिव्याजवळ तो गोंद मऊ पडून त्या गळतात. इपॉक्सीने बसवलेल्या मागा.

दिव्यांच्या माळा १२ व्होल्टच्या घ्या आणि त्यांचा वीजपुरवठ्याचा डबा पारात, हवा खेळेल अशा जागी ठेवा. बंद खोडात कोंडला तर तो तापून लवकर जातो. दिवे कुठलेही असोत, लोखंडी सांगाड्याला अर्थिंग हवंच, आणि त्या सर्किटवर ३० मिलीअँपिअरचा ईएलसीबी, म्हणजे वीज गळू लागताच पुरवठा तोडणारा स्विच. वायर खरचटून सांगाड्याला टेकली आणि अर्थिंग नसलं तर अख्खं झाड हात लावणाऱ्याला झटका देईल.

साधं पॉलिस्टर रेझिन आणि साधं प्लॅस्टिक दोन्ही पेटतात, पान वितळून जळते थेंब खाली टाकतं. सार्वजनिक जागेसाठी आगरोधक रेझिन आणि पानं लेखी मागा. एक पान काढून, बाहेर नेऊन, चिमट्यात धरून काडी लावा. काडी काढताच विझलं तर ठीक. जळत राहिलं तर ते झाड हॉलमध्ये आणू नका. नंतर वरून मारायचे फवारे धुतल्यावर निघून जातात, त्यांच्यावर विसंबून राहू नये.

स्वयंपाकघराजवळच्या झाडावर तेलकट धूळ बसते. ती कोरड्या फडक्याने पसरते, निघत नाही. कोमट पाण्यात भांडी घासायच्या साबणाचे थोडे थेंब टाकून ओल्या स्पंजने पुसावं लागतं. कापडी पानाचा रंग जातो का ते आधी मागच्या बाजूच्या एका पानावर बघा. पंख्याच्या पात्यापासून शेंडा ६० सेंमी लांब ठेवा. आणि झाड बसवून महिना झाला की बसवणाऱ्याला पुन्हा बोलवा, सगळे बोल्ट एकदा पान्याने कसून घ्यायला. फांद्या आपापल्या बाहीत बसून घेतात, तेव्हा पहिल्या महिन्यात प्रत्येक नट थोडा सुटतो. ही फेरी करारातच लिहून घ्या.